गच्चीवर मोजलेला सूर्य

"एकही उपकरण राहता कामा नये हं, मेधा," देवस्थळी सर म्हणाले आणि हळदकुंकवाचं तबक त्यांनी माझ्या हातात दिलं. "वर्षभर राबतात बिचारी. आज त्यांचा मान."

खंडेनवमी होती. आमच्या विद्यापीठाच्या सौरऊर्जा प्रयोगशाळेत सकाळपासून उदबत्त्यांचा धूर कोंडला होता. एरवी ह्याच खोलीत आम्हाला चपला बाहेर काढायला लावत आणि डोक्याला जाळीची टोपी घालायला लावत, कारण धुळीचा एक कण पडला तरी म्हणे सेल वाया जातो. त्या दिवशी मात्र झेंडूच्या पाकळ्या आणि नारळाच्या शेंड्या बिनटोपीच्या फिरत होत्या. सर रेशमी झब्बा घालून आले होते आणि निर्वात पंपाला हार घालताना त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. माणसांच्या बाबतीत मी ते कधी पाणावलेले पाहिले नाहीत.

"पण सर, मीच का?" मी विचारलं.

"अगं, घरातली लक्ष्मी तू."

लॅबमध्ये आम्ही पाच संशोधक, त्यात बाई मी एकटी. लक्ष्मीपदाची निवडणूक बिनविरोध झाली. एम.एस्सी.ला मी विद्यापीठात पहिली आले होते आणि माझ्या घरी देवघरसुद्धा नव्हतं. मी चिडले. चिडले की मी कामं फार नेटानं करते. वजनकाट्याला लावलं, पंपाला लावलं, थेंब फिरवून काचेवर पातळ थर चढवणाऱ्या चकतीला लावलं, हातोडीला लावलं, फ्रीजला लावलं. कपाटातल्या डब्याबिब्यांनाही सोडलं नाही. घ्या म्हटलं, एकही राहायला नको ना? पाणी घातलेल्या हळदीचं बोट आणि वर कुंकू, असा सपाटा लावला.

"मॅडम, मला पण लावता का? मीबी वर्षभर राबलोय," नागनाथ सुरवसे हसत म्हणाला.

मी हसले नाही. सुरवसेच्या विनोदांना हसायचं नसतं, असं आमच्या लॅबमध्ये ठरल्यासारखं होतं.

हा सुरवसे बार्शीचा. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, रजा काढून पीएच.डी.ला आला होता. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, तरी मला मॅडम म्हणायचा. आम्ही दोघं एकाच गोष्टीमागे होतो. वीज वाहून नेणारं एक प्लॅस्टिक असतं, काचेवर पसरलं की वांगी रंगाचं दिसतं. त्यात डाळिंबाच्या रसासारखा दिसणारा नॅनोस्फटिकांचा द्राव मिसळायचा. ऊन पडलं की प्लॅस्टिक विजेचे कण सुटे करतं आणि स्फटिक ते उचलून पळतात. उद्या हे भिंतीला रंगासारखं फासता येईल आणि भिंतीतून वीज निघेल, हे सरांचं लाडकं वाक्य. प्रत्यक्षात आमची भिंत नखाएवढी होती, पडणाऱ्या उजेडातले शंभरातले दोन भाग विजेत यायचे आणि दोन आठवड्यांत सेल मरायचा.

दोन पूर्णांक एक टक्का. सुरवसेचे सेल तेवढेच द्यायचे आणि माझेही तेवढेच. दोन वर्षं आम्ही त्या आकड्यावर अडलो होतो.

दसरा झाला आणि माझा आकडा दोन पूर्णांक नऊ आला.

मी तो चार वेळा मोजला. मग नवा सेल केला, तोही दोन पूर्णांक नऊ. दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी एकच गोष्ट बदलली होती. नॅनोस्फटिक तयार होतात तेव्हा त्यांच्या अंगाला तेलकट मेण चिकटलेलं असतं. ते एका द्रावणात धुवायचं असतं, त्याला सडलेल्या मासळीसारखा वास येतो आणि तो केसांतून तीन दिवस जात नाही. आम्ही दोनदा धुवायचो. मी तिसऱ्यांदा धुतले होते.

"तिसरी धुलाई!" सर ओरडले. त्यांनी ताबडतोब वार्ताहर बोलावला. पेपरात फोटो आला, त्यात सर हातात सेल धरून उभे होते आणि मी त्यांच्या कोपराच्या मागे अर्धी दिसत होते. "वीजवाहक बहुवारिक आणि नॅनोस्फटिकांच्या संयोगातून स्वस्त वीज," असं खाली छापलं होतं. बहुवारिक म्हणजे आमचं ते प्लॅस्टिक. त्या वार्ताहरानं सरांना तीनदा विचारलं होतं की बहुवारिक म्हणजे काय, आणि सरांनी तिन्ही वेळा वेगळं सांगितलं होतं.

मी हे सगळं तुच्छतेनं सांगते आहे, पण तेव्हा मी हवेत होते. आईनं ती बातमी कापून फ्रीजवर लावली. सर म्हणाले, "डिसेंबरात दिल्लीची समिती येतेय. हा आकडा त्यांना दाखवायचा. नवा विभाग मंजूर झाला की पहिली जागा तुझी." त्या जागेची मला हाव सुटली होती.

सुरवसेची पाच वर्षं त्याच डिसेंबरात संपत होती. त्याला मुदतवाढ द्यायची की नाही, हेही तीच समिती ठरवणार होती. मुदतवाढ नाही म्हणजे पदवी नाही, पाच वर्षं पाण्यात आणि परत बार्शी. त्याच्या अर्जावर सरांनी शेरा मारला होता, "प्रयोगाचा हात बसलेला नाही." का, तर मेधाचा आकडा दोन पूर्णांक नऊ आणि ह्याचा अजून दोन पूर्णांक एक.

ह्याचं एक कारण साधं होतं, ते मला माहीत होतं. आमच्याकडे सेल मोजायला एक मोठा पांढरा दिवा होता, त्याला सर "आपला सूर्य" म्हणायचे. दसऱ्यापासून त्या दिव्याच्या नोंदवहीत सगळे दिवस माझ्या नावावर होते. समितीची तयारी चालू होती ना. सुरवसेला दिवा मिळतच नव्हता.

मग तो काय करायचा? कृषी महाविद्यालयाच्या हवामान केंद्रातून त्यानं उन्हाचा जोर मोजायचं एक यंत्र मागून आणलं होतं. ते आणि आपले सेल घेऊन तो भर बाराला तिसऱ्या मजल्याच्या वर, गच्चीत जायचा. डोक्याला पंचा बांधून खऱ्या उन्हात मोजायचा. त्याला वर जाताना पाहिलं की आम्ही म्हणायचो, निघाले सुरवसे, पापड वाळत घालायला.

समिती यायच्या आधीच्या सोमवारी तो गच्चीवरून थेट माझ्या टेबलापाशी आला. मान उन्हानं काळी पडली होती.

"मॅडम, रागावू नका. शुक्रवारी तुमचा एक सेल मी वर नेला होता."

"माझा? न विचारता?"

"ट्रेमध्ये होता. चुकलंच माझं. पण ऐका तर. मीबी आता तीनदा धुतो, तुमच्यासारखंच. माझा वर दोन पूर्णांक एक येतोय. आणि तुमचा पण वर दोन पूर्णांक एकच आला."

"तुम्ही नेईपर्यंत खराब झाला असेल."

"झाला नाही. खाली आणून गुपचूप दिव्याखाली ठेवला की. दोन पूर्णांक नऊ." त्यानं वही उघडून माझ्यापुढे धरली. एक्केचाळीस दिवसांच्या नोंदी होत्या, ढग आला तर ढग असंही लिहिलेलं. "मॅडम, मी काय म्हणतो, आपला दिवा जास्त पेटत नसेल ना? तो ज्याच्यावर लावतो तो रेफरन्स सेल एकदा बघा की. कपाटाची किल्ली तुमच्याकडंच हाय."

रेफरन्स सेल म्हणजे काड्यापेटीएवढी एक काळी धातूची डबी. वर हिरवट काचेची खिडकी आणि काचेखाली खात्रीचा सेल. परदेशातून प्रमाणपत्रासह आलेली. रोज सकाळी ती दिव्याखाली ठेवायची आणि मीटरवर एकशे चोवीस येईपर्यंत दिव्याचं बटण फिरवायचं. एकशे चोवीस आलं की खाली पडणारा उजेड म्हणजे बरोब्बर एक सूर्य. दिवा खरा की खोटा, हे ती डबी सांगणार. डबी खरी की खोटी, हे सांगणारं कुणी नव्हतं.

"रोज लावते मी दिवा," मी म्हटलं. "रोज एकशे चोवीस असतं."

"ते असतंय हो. पण..."

"सुरवसे, तुमचा आकडा येत नाही म्हणून माझा खोटा ठरवायचा का?"

माझा आवाज चढला आणि सर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वही हातातसुद्धा घेतली नाही.

"म्हणजे सुरवसे, तुमचं म्हणणं, आपला दिवा चुकतोय आणि सूर्य बरोबर आहे?"

"व्हय सर. म्हणजे, सूर्य सूर्यच हाय की."

"सूर्याला प्रमाणपत्र आहे का?" सरांनी आमच्याकडे बघितलं, म्हणजे आता हसा. आम्ही हसलो. "आपल्या दिव्याला आहे. जर्मनीचं आहे. आणि ते यंत्र कुठलं आणलंत? शेतकी कॉलेजातलं? ज्वारी मोजतात का त्याच्यावर?"

पुन्हा हशा. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. सुरवसे वही मिटून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते, पण तो हलला नाही.

"शनिवारी समितीपुढं मला पाच मिनिटं द्या, सर," तो म्हणाला.

"देऊ की. तुमचा निरोपसमारंभच आहे तो."

शनिवारी सकाळी साडेनऊला मी दिवा तापायला लावला. पाहुणे अकराला यायचे होते. लॅब धुऊनपुसून चकचकीत केली होती आणि सरांनी पुन्हा रेशमी झब्बा घातला होता. कपाटातून रेफरन्स सेल काढून मी दिव्याखाली ठेवला. मीटरवर एकशे चोवीस. सगळं बरोबर.

पाहुण्यांसमोर डबी बरी दिसावी म्हणून मी तिच्यावरची धूळ पुसायला घेतली. हात धुवायच्या साबणाचं पाणी रुमालाच्या टोकाला लावलं आणि काचेच्या एका कोपऱ्यावरून फिरवलं.

रुमाल लाल झाला.

आधी वाटलं बोट कापलं. बोट बघितलं, काही नव्हतं. डबी उचलून खिडकीशी नेली, तिरकी धरली. हिरवट काचेवर एक पातळ पिवळसर पापुद्रा होता, नुसत्या नजरेला हिरव्यात मिसळून जाणारा. मधोमध बोटाची रेष होती. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे कळायला मला विद्यापीठात पहिलं यायची गरज नव्हती, साडीवर वरण सांडलेल्या कुठल्याही बाईला ते ठाऊक असतं. कुणीतरी पूजेनंतर वरवर फडकं मारलं होतं. कुंकू गेलं होतं, हळद राहिली होती.

ते बोट माझं होतं.

मी खुर्चीवर बसले. काचेवर हळद, म्हणून आतल्या सेलला उजेड कमी दिसणार. कमी दिसणार म्हणून मीटर कमी दाखवणार, आणि मी रोज सकाळी बटण फिरवून दिवा वाढवणार, एकशे चोवीस येईपर्यंत. माझ्या सेलवर एक सूर्य पडतच नव्हता, जवळजवळ दीड पडत होता. तिसऱ्या धुलाईत काही नव्हतं. स्फटिक मी तीनतीनदा धुतले, मासळीच्या वासानं ओकारी येईपर्यंत धुतले, आणि एक काच धुतली नाही. आणि तो पापडवाला सुरवसे, ज्वारी मोजायचं यंत्र घेऊन, एक्केचाळीस दिवस खरं मोजत होता.

मीटरकडे नजर गेली. डबी पुन्हा दिव्याखाली ठेवली होती. एक कोपरा पुसला होता तेवढ्यानं आकडा एकशे एकोणतीसवर गेला होता.

रुमाल हातात होता, साबण होता, पाणी होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. सरांना हाक मारून सांगायला आणखी एक मिनिट. मी विचार केला. खूप विचार केला असं मला पुढे बरीच वर्षं वाटायचं, पण खरं सांगायचं तर फार नाही केला. फ्रीजवरचं कात्रण आठवलं. पहिली जागा तुझी, हे आठवलं. आणि सुरवसे मान डोलावून "बघा, मी म्हणलो नव्हतो?" म्हणेल, ते तोंड डोळ्यांपुढे आलं. तेच सगळ्यात असह्य झालं.

मी पुसायचं थांबवलं.

दिव्याचं बटण किंचित मागे फिरवून पुन्हा एकशे चोवीस केलं आणि रुमाल पर्सच्या तळाशी कोंबला.

समितीच्या अध्यक्ष डॉ. शालिनी हुदलीकर होत्या. सत्तरीच्या पुढच्या, सुती साडी, हातात काठी. दिल्लीत आयुष्य गेलेलं तरी मराठी स्वच्छ धारवाडकडचं. बरोबरचे दोघे पुरुष सरांच्या स्वागताच्या भाषणाला माना डोलावत होते. बाई मात्र दिव्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"दाखव बाळ," त्या मला म्हणाल्या.

मी रेफरन्स सेल ठेवला, मीटर दाखवलं, प्रमाणपत्र दाखवलं. मग माझा सेल ठेवला. संगणकाच्या पडद्यावर आकडा आला, दोन पूर्णांक आठ.

"काल नऊ होतं," सर घाईघाईनं म्हणाले. "आज हवा दमट आहे."

कोपरा पुसला होता, त्याचा तो फरक. एक दशांश टक्का एवढा प्रामाणिकपणा माझ्या हातून त्या दिवशी घडला, आणि तोही चुकून.

टाळ्या वाजल्या. मग सुरवसे पुढे आला. नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा तशाच होत्या. पाच मिनिटांत त्यानं सगळं सांगितलं, न अडखळता, कुणाला दोष न देता. शेवटी बाईंना म्हणाला, "मॅडम, बाहेर ऊन कडक पडलंय. हाच सेल वर घेऊन गेलो तर दहा मिनिटांत निकाल लागंल."

"हे सूर्याचे वकील," सर हसून म्हणाले. बरोबरचे दोघे हसले. "मॅडम, तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही. खाली पुरणपोळ्या गार होतायत."

हुदलीकर बाई हसल्या नाहीत. त्यांनी सुरवसेची वही घेतली, चष्मा वर करून पानं उलटली. एका पानावर थांबल्या. "हे 'पावणेएकला घार गेली, सावली पडली' हे काय?"

"घार गेली होती, मॅडम."

"हं." त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे वळल्या. "सेल तुझा आहे. माझे गुडघे फार दुखतात, पण तू म्हणालीस तर मी तीन मजले चढते. काय करू, सांग. वर जाण्यात अर्थ आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सुरवसेही बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क विश्वास होता. मी सोमवारी त्याच्यावर ओरडले होते, तोंडावर हसले होते, तरी. काम करणारं माणूस प्रत्यक्ष विचारल्यावर खोटं बोलणार नाही, अशी त्या बावळटाची समजूत होती.

"नको, मॅडम," मी म्हटलं. "हे प्लॅस्टिक उघड्या हवेत टिकत नाही. वर धूळ असते, दमटपणा असतो. आकडा पडणारच. त्यातून काही सिद्ध होणार नाही."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आमचं प्लॅस्टिक हवेत खरंच टिकत नसे. दहा मिनिटांत त्याला काहीही होत नसे, एवढंच मी सांगितलं नाही.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वाटलं, ह्यांना कळलं. पण त्या फक्त म्हणाल्या, "बरं. तू म्हणतेस तर," आणि काठी टेकत जेवायला गेल्या. गुडघे वाचले म्हणून त्यांना बरंही वाटलं असेल.

नवा विभाग मंजूर झाला. सुरवसेची मुदतवाढ नामंजूर झाली. कारणाच्या रकान्यात सरांचंच वाक्य होतं, हात बसलेला नाही.

पुढच्या आठवड्यात तो ड्रॉवर रिकामा करायला आला. कृषी महाविद्यालयाचं यंत्र त्यानं फडक्यात गुंडाळून घेतलं होतं. जाता जाता माझ्यापाशी थांबला.

"मॅडम, मला तुमच्यावर शंका नव्हती. दिव्यावर होती. तेवढं मनात ठेवू नका."

"ठीक आहे हो," मी पडद्यावरून नजर न काढता म्हटलं. "शुभेच्छा."

तो गेल्यावर मी दार लावलं, कापसाला स्पिरिट लावलं आणि रेफरन्स सेलची काच पुसली. कापूस पिवळाधमक झाला. दुसरा बोळा घेतला, तिसरा घेतला. तिसरी धुलाई. मग दिवा लावला, माझा सेल ठेवला. दोन पूर्णांक एक.

त्यानंतर आमच्या लॅबमध्ये दोन पूर्णांक नऊ कुणालाही आलं नाही. मला आलं नाही, माझ्यामागून आलेल्यांना आलं नाही. सर निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले की मेधाच्या हातात जादू होती, जागा मिळाल्यावर तिनं हातानं काम करणं सोडलं. सरांनंतर मी विभागप्रमुख झाले. पंधरा वर्षं पोरंपोरी स्फटिक तीनतीनदा धूत आली आहेत, कारण माझा शोधनिबंध तसं सांगतो. त्या वासानं एकीला जेवण जाईना झालं. एक मुलगा माझ्या केबिनमध्ये रडला, म्हणाला, मॅडम, दोनच्या पुढं जातच नाही हो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "हात बसायला वेळ लागतो." किती सहज म्हटलं. सरांना मी आयुष्यभर हसत आले, आणि माझ्या तोंडून वाक्य निघालं ते त्यांचंच.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच वर्षी केली. खंडेनवमीला उपकरणांना हळदकुंकू लावायला बंदी केली. त्यावरून वादंग झालं. कर्मचारी संघटनेनं निवेदन दिलं, कुलसचिव दोनदा समजावून गेले, एका सभेत माझ्याविरुद्ध घोषणा झाल्या. मी ठाम राहिले. कारण विचारलं की मी म्हणायचे, "प्रयोगशाळेत श्रद्धेला जागा नाही." लोकांना वाक्य आवडलं. लेख आले. गेल्या साली शहरातल्या एका संस्थेनं मला विज्ञाननिष्ठा पुरस्कार जाहीर केला. जुन्या रूढीला एकटीनं नकार देणारी निर्भय शास्त्रज्ञ, असं मानपत्रात लिहिलं होतं. मानपत्र लिहिणाऱ्यानं ते लिहिताना एकदाही हसू दाबलं नसेल, ह्याचंच मला नवल वाटतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी फोनवर अनोळखी नंबरावरून संदेश आला. "मॅडम, पेपरात वाचलं. अभिनंदन. मी नागनाथ सुरवसे, बार्शी. पुढच्या वर्षी रिटायर होतोय. आमच्या कॉलेजात खंडेनवमीची पूजा अजून करतो, पोरांना हौस असते. फक्त काचेला हळद लावू देत नाही."

मी तो संदेश उभ्याउभ्याच वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. केव्हा कळलं असेल ह्याला? त्याच दिवशी? दहा वर्षांनी, वर्गात पोरांना शिकवताना? त्यानं कुणालाही लिहिलं नव्हतं, कुठे तक्रार केली नव्हती. मी उत्तरात बरंच काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी "धन्यवाद" एवढंच पाठवलं.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर जाण्याआधी दोन बायका तबक घेऊन पुढे आल्या. आधी औक्षण, मग पुरस्कार, अशी तिथली पद्धत होती. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी माझ्या कपाळाला ओल्या हळदीचं बोट लावलं, वर कुंकू टेकवलं. मी मान पुढे केली. मग निर्भय शास्त्रज्ञेनं वीस मिनिटं भाषण केलं आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

घरी आले, बेसिनचा नळ सोडला आणि कपाळाला साबण लावला. फेस लाल झाला. धुतलं, पुन्हा लावला. या वेळी मी पार शेवटपर्यंत पुसलं. न्हाणीघरात कुणी आकडा बघत नव्हतं.